मधला श्वास

हे मी आभाला विचारून लिहिते आहे. ती म्हणाली, लिही, पण वाढवून लिहू नकोस. म्हणून जेवढं घडलं तेवढंच सांगते.

मी डॉक्टर आहे. कोलकात्यातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत काम करते. माझ्यासारखीने असलं काही सांगितलं की लोक काय म्हणतात, ते मला ठाऊक आहे. माझा नवरा निखिलसुद्धा तेच म्हणाला.

"तू दमली होतीस, केतकी."

दमले होते, हे खरं आहे.

पण त्या दिवशी पडद्याआड मी एकटी नव्हते. आणखी दोघांनी ते ऐकलं. त्यातला एक जण आजही त्या विषयावर माझ्याशी बोलत नाही.

रात्र नव्हती. अमावस्या वगैरे काही नव्हती. गेल्या वर्षीच्या वैशाखातली एक दुपार होती. कोलकात्यात त्या दिवसांत उतरत्या दुपारी एकाएकी आभाळ काळंकुट्ट होतं, वारा सुटतो, झाडं मोडतात आणि थोड्या वेळात सगळं शांत होतं. इथे त्याला कालबैशाखी म्हणतात.

हॉस्पिटलचं नाव सांगणार नाही. गार्डन रीचच्या बाजूला आहे, एवढंच.

आभाचा फोन आला तेव्हा मी ड्यूटीवर होते.

"ताई, बाबांची श्वास बरोबर नाही येत. मी ॲम्ब्युलन्स बोलावली आहे. तुझ्याकडेच आणते."

आभा इथेच वाढलेली. तिच्या मराठीत हिंदी आणि बंगाली मिसळलेलं असतं. तिच्या बोलण्यात 'तो श्वास' नसतो, 'ती श्वास' असते.

तिचे बाबा, प्रभाकर काका, रेल्वेच्या गार्डन रीचच्या मुख्यालयातून निवृत्त झाले आणि पुण्याला परत न जाता इथेच राहिले. आमचं नातं काही नाही. पण लग्न होऊन मी या शहरात आले, तेव्हा ओळखीचं असं एकही माणूस नव्हतं. त्या पहिल्या आठवड्यात मला घरी बोलावून पिठलं-भात वाढला तो सुचित्रा काकूंनी. काकांच्या बायकोने.

काकू त्याआधीच्या हिवाळ्यात गेल्या होत्या.

त्यांची फुफ्फुसं आतून कडक होत गेली. शेवटचे काही महिने त्या घरीच होत्या. मी अधूनमधून जाऊन तपासायचे.

त्या आजाराचा एक आवाज असतो. पाठीवर स्टेथोस्कोप ठेवला की श्वास आत घेताना, अगदी शेवटाला, बारीक चरचर ऐकू येते. लहान मुलाच्या बुटाची चिकटपट्टी हळूहळू उघडावी तशी. डॉक्टर तो आवाज विसरत नाहीत.

मीही विसरले नव्हते.

काकांना आणलं तेव्हा बाहेर वारा सुटला होता. दार उघडलं तशी धूळ आणि सुकी पानं आत आली. काका स्ट्रेचरवर होते. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, डोळे अर्धवट मिटलेले.

"तीन दिवस खोकला होता," आभा म्हणाली. "आज दुपारपासून दम लागला. ॲम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजन लावला, मग शांत झाले. आता झोपतच आहेत."

काकांनी मला ओळखलं. मास्कच्या आतून हसले.

"केतकी... उगाच आणलं बघ हिने."

आम्ही त्यांना भिंतीकडच्या बेडवर घेतलं. पडदा ओढला. मॉनिटरच्या वायरी छातीवर लावल्या. ऑक्सिजन उत्तम. बीपी ठीक. श्वास अठरा.

शौनक पडद्यातून डोकावला. तो त्या दिवशी आमच्या टीमचा सीनियर डॉक्टर. बंगाली मुलगा, हुशार, हात चटपटीत. त्याने मॉनिटरकडे पाहिलं.

"छान आहे सगळं. एक्स-रे कर, वाफ दे, थोडं बघू आणि वॉर्डात पाठवू." आम्ही दोघं हिंदीत बोलतो. "मला पलीकडे जावं लागेल. ऑटोवर झाड पडलंय, तिघांना आणतायत."

तो गेला. आभा मॉनिटरवर एक नजर टाकून केसपेपर काढायला काउंटरवर गेली.

आता एक गोष्ट सांगायला हवी. इमर्जन्सीत पेशंट आला की नाडी, बीपी, ऑक्सिजन आणि श्वास बघतात. बाकीचं मशीन सांगतं. श्वास मात्र खरं तर माणसाने मोजायचा असतो. छाती किती वेळा वर येते, हे पूर्ण मिनिटभर बघत. पण गर्दीत मिनिटभर कोण उभं राहणार? मॉनिटरवर आकडा असतोच. तो लिहायचा आणि पुढे जायचं.

मला मात्र मोजायची सवय आहे. पेशंटला ते कळू द्यायचं नाही. कळलं की श्वास बदलतो. म्हणून मनगट धरायचं, नाडी बघतोय असं दाखवायचं, आणि नजर छातीवर ठेवायची.

मी काकांचं मनगट धरलं.

मोजायला लागले.

छाती वर आली... खाली गेली. मग थांबली. पुन्हा वर आली.

मिनिट संपलं. माझ्या मोजणीत बारा आले.

मॉनिटरवर अठरा.

मशीन चुकतं कधीकधी. वायर सैल असते, पेशंट हलतो. मी वायरी दाबून पाहिल्या. घट्ट होत्या. काका हलत नव्हते.

पुन्हा मोजले. या वेळी दहा.

मॉनिटरवर अठरा.

मग लक्षात आलं, तो आकडा मघापासून बदललेलाच नाही. जिवंत माणसाचा आकडा हलता असतो. सतरा होतो, वीस होतो, खोकला आला की उडी मारतो. हा तसाच. काचेवर चिकटवल्यासारखा.

अठरा.

मी काकांना कुशीवर वळवलं आणि पाठीवर स्टेथोस्कोप ठेवला.

काकांनी उभा जन्म सिगारेट ओढली. त्यांच्या फुफ्फुसाचा आवाज मला माहीत होता. शिट्टीसारखा, लांब, थकलेला. तोच ऐकू आला. श्वास आत... शिट्टी वाजवत बाहेर...

मग शांतता.

आणि त्या शांततेत...

दुसरा श्वास.

हलका. उथळ. आत घेतलेला. आणि त्याच्या शेवटाला, अगदी शेवटाला, चिकटपट्टी उघडावी तशी बारीक चरचर.

माझा हात तिथेच राहिला.

स्वतःचाच श्वास कानात येतोय का, म्हणून मी माझा श्वास रोखला. काकांची पाठ माझ्या डोळ्यांसमोर होती. ती हलत नव्हती. ऑक्सिजनचा मास्क क्षणभर बाजूला केला, फुसफुस थांबावी म्हणून.

शांतता.

आणि पुन्हा... आत. चरचर. बाहेर.

मग काकांची पाठ हलली. त्यांचा श्वास. शिट्टी.

मग मधला.

दोघं आळीपाळीने.

मी स्टेथोस्कोप कानातून काढला. पडद्याबाहेर आवाज चालू होते, कुणीतरी कण्हत होतं, ट्रॉली सरकत होती. सगळं नेहमीचं. मला त्या नेहमीच्या आवाजांचा फार आधार वाटला.

काकांचे डोळे उघडे होते. माझ्याकडेच बघत होते.

"ऐकलंस?" ते हळूच म्हणाले.

मी मास्क पुन्हा त्यांच्या तोंडावर बसवला.

"आभाला नाही ऐकू येत." त्यांचे डोळे पुन्हा मिटायला लागले. "मला वाटलं, मलाच येतं."

"काका, झोपू नका. माझ्याशी बोला."

"फार झोप येतेय गं."

ही झोप मला ओळखीची होती. सिगारेटने खराब झालेल्या फुफ्फुसांना जास्त ऑक्सिजन दिला की काही जणांचा श्वास मंदावतो. आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही, साठत जातो. वरून सगळं छान दिसतं. ऑक्सिजन उत्तम, चेहरा गुलाबी, माणूस गाढ झोपलेला. आणि त्या झोपेतून तो उठत नाही. यात एकच गोष्ट सावध करते, मोजलेला श्वास.

आणि तो आकडा मशीन लपवत होतं.

मी ऑक्सिजन कमी केला. रक्ताच्या तपासणीसाठी मनगटातून रक्त काढलं आणि आमच्या सर्वांत जुन्या सिस्टर, श्यामलादी, यांच्या हातात दिलं.

"लगेच मशीनला लावा. आणि शौनकला बोलवा."

त्या गेल्या आणि लगेच परत आल्या. "येतो म्हणाले. मॉनिटरवर किती आहे विचारलं. मी सांगितलं अठरा. म्हणाले, मग पाच मिनिटं थांब."

मी मनगट धरून पुन्हा मोजायला लागले.

छाती वर... खाली.

थांबली.

थांबली...

बाहेर काहीतरी मोठ्याने कोसळलं. पत्रा असावा किंवा फांदी. आणि वीज गेली.

आमच्याकडे जनरेटर आहे. तो सुरू व्हायला थोडे क्षण लागतात. पण त्या दिवशी तो सुरू झालाच नाही. एसी बंद झाला. पंखे थांबत गेले. मॉनिटर बॅटरीवर होता, त्याचा हिरवा उजेड तेवढा पडद्यावर पडला होता. दुपार असूनही खिडकीतून संध्याकाळ संपल्यासारखा उजेड येत होता.

बाहेरची माणसंही क्षणभर गप्प झाली. वीज गेली की होतात तशी.

आणि त्या शांततेत तो श्वास ऐकू आला.

स्टेथोस्कोप माझ्या गळ्यात होता. कानात नव्हता.

आत... चरचर... बाहेर.

आत... चरचर... बाहेर.

एका लयीत. काकांच्या उशीपासून.

श्यामलादी माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं. मग त्यांचा चेहरा सैल झाला.

"बेश भालो निश्शाश निच्छेन तो," त्या म्हणाल्या.

छान श्वास घेताहेत की.

मी मोबाइलचा दिवा काकांच्या छातीवर धरला.

छाती हलत नव्हती.

पोट हलत नव्हतं. पांघरुणाची एक सुरकुतीसुद्धा हलत नव्हती.

आणि श्वास ऐकू येत होता.

श्यामलादींनी ते पाहिलं. दोन्ही हात छातीशी घेतले आणि बेडच्या दुसऱ्या बाजूला बघितलं. तिथे नातेवाइकांची खुर्ची होती. रिकामी. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर दीदी, या बाजूला कुणी आहे का?"

पडदा सरकला. शौनक होता. हातमोज्यांना रक्त लागलेलं, घाम आलेला. तो तिथेच थांबून ऐकू लागला.

आत... चरचर... बाहेर.

"घेतोय ना श्वास," तो चिडून म्हणाला. "व्यवस्थित ऐकू येतोय. मला पलीकडून कशाला ओढलंस?"

"ऐकू नकोस," मी म्हटलं. "छातीवर हात ठेव."

"केतकी, माझ्याकडे तीन..."

"शौनक. हात ठेव."

त्याने हातमोजा काढला आणि तळहात काकांच्या छातीवर ठेवला.

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. आधी वैताग होता. मग तो काहीतरी आठवल्यासारखा कपाळाला आठी घालून थांबला. मग त्याने दुसराही हात ठेवला. मग वाकून कान काकांच्या तोंडाशी नेला.

आत... चरचर... बाहेर.

तो झटकन मागे आला. कान तळहाताने घासला. जणू कानाला कुणाचा तरी श्वास लागला होता.

मॉनिटरवर अजून अठराच होते.

"अंबू बॅग," तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "आण. लवकर."

अंबू बॅग म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची रबरी पिशवी. मी काकांची हनुवटी वर केली, मास्क घट्ट धरला. शौनकने पिशवी दाबली. काकांची छाती वर आली.

त्याने सोडली. छाती खाली गेली.

आणि मध्ये...

आत. चरचर.

शौनक थांबला नाही. दात आवळून दाबत राहिला. मी त्याच्या शेजारी होते, म्हणून मला दिसलं. तो पिशवी लवकर लवकर दाबायला लागला होता. एवढी घाई करायची नसते, हे त्याने मलाच शिकवलं होतं.

त्याला मध्ये जागा ठेवायची नव्हती.

मी त्याच्या हातावर हात ठेवला. "हळू."

"तुला ऐकू येतंय ना?" तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

"हो."

"मग हळू म्हणू नकोस."

तेवढ्यात जनरेटर लागला. दिवे आले, पंखे फिरले. आम्ही काकांना श्वासाच्या मशीनचा घट्ट मास्क लावला, नाकातोंडावर बसणारा. रक्ताचा रिपोर्ट आला. कार्बन डायऑक्साइड इतका वाढला होता की शौनकने दोनदा वाचला. आणखी थोडा उशीर झाला असता तर काका त्या पडद्याआड, उत्तम ऑक्सिजन आणि अठरा श्वासांसकट गेले असते.

मशीनने जोर धरला. काकांची छाती नीट वर-खाली व्हायला लागली. मी पाठीला स्टेथोस्कोप लावला. लावायची इच्छा नव्हती, पण लावावा लागतो.

शिट्टी. हवा. शिट्टी.

आणि मग शेवटचं एकदा, अगदी जवळून...

आत.

चरचर.

मग बाहेर येणारा श्वास ऐकायला मी थांबले.

तो आलाच नाही. आत घेतलेला श्वास कुणीतरी तसाच धरून ठेवला.

मॉनिटरवरचा आकडा पहिल्यांदा हलला. बावीस. एकवीस. तेवीस.

शौनक बाहेर जाऊन कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभा राहिला. नंतर त्याने मला सांगितलं की वायरी सैल होत्या, हृदयाच्या ठोक्यांनी आकडा चुकला असेल आणि आवाज ऑक्सिजनच्या नळीचा असेल.

"नळीचा आवाज श्वास आत घेतो का?" मी विचारलं.

तो उठून गेला. तेव्हापासून आम्ही त्यावर बोललेलो नाही. पण आता तो प्रत्येक पेशंटच्या छातीवर हात ठेवतो. नव्या डॉक्टरांना वाटतं, सर फार काळजीपूर्वक तपासतात.

काका आठवडाभर आयसीयूत होते. मग वॉर्डात आले. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून नदीकडची क्रेन दिसायची. एका सकाळी मी गेले तेव्हा ते टेकून बसले होते आणि चहात बिस्कीट बुडवत होते. आभा औषधं आणायला खाली गेली होती.

"बस," ते म्हणाले. "तुला विचारायचं होतं. तिचाच होता ना?"

मी खोटं बोलू शकले असते. डॉक्टर बोलतात.

"तसाच होता, काका."

त्यांनी मान डोलावली.

"शेवटी शेवटी ती झोपायची आणि मी तिचा श्वास मोजत जागा राहायचो," ते म्हणाले. "थांबला तर कळावं म्हणून. ती गेल्यावर माझी झोपच गेली. मोजायला काही नव्हतं. मग एकदा पडलो होतो, तर माझ्या दोन श्वासांच्या मध्ये ती ऐकू आली. माझा चालू असला की नाही. मी थांबलो की."

"मग?"

"मग मी थांबायला लागलो."

मी खुर्ची बेडजवळ ओढली.

"आधी थोडा. मग जरा जास्त. तिला श्वास पुरा करायला वेळ लागायचा गं, तुला माहीत आहे. मी जागा ठेवायचो तिच्यासाठी."

"काका, तुम्ही मेला असता."

"हो," ते म्हणाले. अगदी सहज. "पण ती माझ्या वाटचा घेत होती ना. मशीनवर अठरा होते, आभाने सांगितलं मला."

त्यांच्या लेखी काकू त्यांना जगवत होत्या. त्यांच्याऐवजी श्वास घेत होत्या.

मी दुसरं पाहिलं होतं. मी पाहिलं होतं की त्या श्वासामुळे सिस्टर निश्चिंत झाल्या. शौनक निश्चिंत झाला. मशीन निश्चिंत झालं. तो श्वास नसता, तर कुणीही पळत आलं असतं. तो होता, म्हणून कुणी येत नव्हतं.

मला पिठलं-भात वाढणाऱ्या काकू आठवत होत्या. आणि मी त्यांना घाबरत होते.

"आता येते का ऐकू?" मी विचारलं.

"नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "त्या दिवसापासून नाही. खाली, तुमच्याकडेच राहिली का गं ती?"



घरी सोडताना मी आभाला श्वास मोजायला शिकवलं. तिला ते सगळं सांगितलं नाही, फक्त पद्धत सांगितली. मिनिटभर बघायचं, मध्ये सोडायचं नाही.

"आवाजावर जाऊ नकोस," मी म्हटलं. "छाती बघ. अंधार असेल तर हात ठेव. हात ठेवल्याशिवाय मोजलं असं समजू नकोस."

"आवाजाने काय होतं?"

"फसायला होतं."

तिने मन लावून शिकून घेतलं. काकांवर करून दाखवलं. काका हसत होते.

पावसाळा नीट गेला. काका फिरायला जायला लागले. सिगारेट सुटली. दोनदा ते तपासणीच्या निमित्ताने आमच्या इमर्जन्सीत आले आणि भिंतीकडच्या त्या बेडशेजारी, नातेवाइकांच्या खुर्चीत थोडा वेळ बसले. मी हटकलं नाही. श्यामलादी मात्र ते उठेपर्यंत त्या बाजूला फिरकायच्या नाहीत.

दुसऱ्या वेळी जाताना ते खुशीत दिसले.

"चल," ते म्हणाले. "येतो आम्ही."

मला वाटलं, आभा बाहेर थांबली असेल. म्हणून 'आम्ही'.

दुर्गापूजेच्या आधी, सकाळी आभाचा फोन आला. रडत नव्हती. आवाज अगदी सपाट होता.

"ताई, बाबा गेले."

मी टॅक्सी करून पोचले. शेजारपाजारचे लोक होते, इथल्या महाराष्ट्र मंडळातली दोन कुटुंबं आली होती. बायका रडत होत्या. काकांना बाहेरच्या खोलीत खाली ठेवलं होतं. गल्लीतले वयस्कर डॉक्टर येऊन बघून गेले होते.

आभाने मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं.

"ताई, डॉक्टर म्हणतात, ते पहाटेच्या आधीच गेले. अंग कडक झालं होतं."

"झोपेत गेले, आभा. त्रास झाला नसेल."

"तसं नाही." तिने माझं मनगट घट्ट पकडलं. "मी सकाळी चहा ठेवला ना, तेव्हा त्यांच्या दाराशी उभी राहिली होती. पडदे बंद होते. आत श्वास येत होती. मी ऐकली. तू शिकवलं तशी मोजली पण, पूर्ण मिनिट. एकदम ठीक होती. हात नाही ठेवला, म्हटलं जागे होतील. झोपू दे."



"उजेड होता बाहेर, ताई. रस्त्यावर दूधवाला होता. मी झोपेत नव्हती. ते पहाटेच्या आधी गेले, तर मी कुणाची मोजली?"

गॅसवर चहाचं पातेलं तसंच होतं. वर साय धरली होती.

"कशी होती?" मी विचारलं. विचारायला नको होतं. "शिट्टी होती का?"

तिने आठवायचा प्रयत्न केला.

"नाही," ती म्हणाली. "शिट्टी नव्हती. हलकी होती. आणि ताई... दोन होत्या. एक झाली की दुसरी. मला वाटलं, खोलीत आवाज घुमतो आहे."

मी तिला जवळ घेतलं. यापेक्षा दुसरं काही करता येत नव्हतं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "ताई, तू एकदा बघ ना. डॉक्टर म्हातारे आहेत. तू बघितलं की माझा विश्वास बसेल."

स्टेथोस्कोप माझ्या पर्समध्ये होता. तो कायम असतो.

मी काकांच्या शेजारी बसले. चेहरा शांत होता. ओठ किंचित उघडे, कुणाशी तरी बोलता बोलता थांबल्यासारखे. मी छातीवर तळहात ठेवला. गार. मी घड्याळाकडे बघून पूर्ण मिनिटभर हात ठेवला, सगळ्यांसमोर.

छाती एकदाही हलली नाही. त्यावर मी कुठेही सही करून देईन.

"गेलेत, आभा," मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि पहिल्यांदाच रडायला लागली.

स्टेथोस्कोप मी बाहेर काढला नाही. डॉक्टरने तो लावायचा असतो. नुसता हात पुरत नाही. मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

खोलीत माणसं रडत होती, बोलत होती, तोवर मी बसून राहिले. मग बायकांचं रडणं हळूहळू कमी व्हायला लागलं. कुणीतरी पंखा बंद केला. बोलणं थांबत आलं. खोली गप्प होत चालली...

मी उठले आणि चपला हातात घेऊन जिना उतरले.